पाच धान्यांची पुरचुंडी

आमच्या मोठ्या बाबांनी आपल्या जिवंत पोरीचा दहावा घातला, तेव्हा पिंडाला कावळा शिवला नाही. मी इथूनच सुरुवात करते, कारण पुढचं सगळं फिरून कावळ्यापाशीच येणार आहे.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, ग्यानबा. आमच्या गावात, डोंगरकड्यात, त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि ते वजन त्यांच्या घरातल्या बायकांनी आजवर डोक्यावर वाहिलं. पुनमताई त्यांची एकुलती एक लेक. आमच्या शेतातली हळद हिंगोलीच्या बाजारात न्यायला लालसिंगचा टेम्पो यायचा. तो तिला आवडला, ती त्याच्याबरोबर हिंगोलीला गेली आणि दोघांनी कोर्टात लग्न केलं. लालसिंग बंजारा तांड्यावरचा, आम्ही गावातले, एवढाच काय तो गुन्हा. पोरगा दारूला शिवत नाही, टेम्पो स्वतःचा आहे, बायकोला चारचौघांत नावानं हाकही मारत नाही इतका लाजाळू. पण हे विचारतंय कोण? मोठ्या बाबांनी डोकं भादरून घेतलं, ओढ्याकाठी भाताचे पिंड मांडले आणि लेकीच्या नावानं पाणी सोडलं.

कावळे होते. बाभळीवर बसून बघत होते. एक खाली उतरला, पिंडाभोवती फिरला आणि उडून गेला. एक कुत्रं आलं, हुंगलं आणि चालतं झालं. अशा वेळी मेलेल्याची काही इच्छा राहिली आहे असं समजतात आणि घरचे पिंडापुढं हात जोडून वचन देतात. लेकरांकडं बघू, सुनेला तकलीफ देणार नाही, असं काहीबाही. नेमकं वचन निघालं की कावळा येतो म्हणतात. माझ्या आजोबांच्या वेळी सगळे थकले होते. शेवटी माझे वडील पुढं होऊन म्हणाले, "इहिरीचं पाणी दोघं भाऊ मिळून वापरू," आणि कावळा आला. त्यानंतर दोघा भावांची किती भांडणं झाली, मधली काही वर्षं एकमेकांचं तोंड बघणंही बंद होतं, पण विहिरीच्या पाण्यावरून कधी ब्र निघाला नाही. पिंडापुढचा शब्द आमच्या घरात कोणी मोडत नाही.

पुनमताईच्या पिंडापुढं कोण काय वचन देणार होतं? मोठी माय, म्हणजे ताईची आई मंजुळाबाई, तोंडात पदर कोंबून उभी होती. ऊन तापलं तसं गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. मोठे बाबा म्हणाले, "झालं. चला." मोबाईलच्या टॉवरमुळं कावळ्यांची डोकी बिघडलीत, असं गावानं ठरवून टाकलं. मला तर त्या दिवशी गावात तो कावळाच तेवढा शहाणा वाटला.

त्याला दोन वर्षं झाली. यंदा हळद शिजवायच्या दिवसांत मोठ्या मायच्या पोटातली गाठ समजली, तेव्हा वेळ निघून गेली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी हिंगोलीच्या कॉलेजात शिकते, सकाळच्या एसटीनं जाते आणि दुपारी परत येते. आल्यावर तिच्या खाटेपाशी बसायचं काम माझ्याकडं आलं. मला ते काम वाटलं नाही. लहानपणी मी तिच्याच अंगाखांद्यावर वाढले होते.

आमच्या घरात मला कोरियाचं वेड आहे हे जगजाहीर आहे. तिथल्या मालिका, तिथली गाणी, तिथल्या जुन्या राजांच्या गोष्टी, मिळेल ते मी बघते आणि वाचते. आई म्हणते, "सगळ्याइची तोंडं सारखीच, तुला कोण मेलं आन कोण जितं हे कळतं तरी कसं?" मोठी माय मात्र कधी हसली नाही. एके दुपारी तीच म्हणाली, "सांग काही तुझ्या त्या मुलखातलं. इथलं सगळं ऐकून झालं माझं."

मी तिला कोगुर्यो नावाच्या राज्याची गोष्ट सांगायला घेतली. फार जुनं राज्य, आणि ते कसं सुरू झालं याची दंतकथा.

"एक नदीचा देव व्हता," मी म्हणाले. "त्याला एक लेक, युह्वा नावाची. तिला आभाळातल्या देवाचा पोरगा आवडला, ती त्याच्यासंगं ऱ्हायली. मधी कोणी मध्यस्थ न्हाई, कोणाला इचारलं न्हाई. तो तिला सोडून वर निघून गेला आन बाप खवळला. त्यानं तिचे ओठ वढून वढून लांब केले, तिला बोलताच येऊ नये असे. आन दिली हाकलून."

"बापानं?"

"बापानं."

मोठी माय आढ्याकडं बघत म्हणाली, "आन तिची माय कुठं व्हती?"

ही गोष्ट मी किती ठिकाणी वाचली होती, पण त्या पोरीच्या आईबद्दल कुठंच काही नव्हतं आणि मला ते कधी खटकलंही नव्हतं.

"माय न्हाई गोष्टीत," मी म्हणाले.

"असंल घरातच," मोठी माय म्हणाली. "तिचे ओठ आदीच वढलेले असतेल. पुढं सांग."

पुढची गोष्ट मी तिला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, कारण ती मधूनच झोपायची. एका राजाला ती पोरगी पाण्यात सापडली. त्यानं तिला अंधाऱ्या खोलीत कोंडलं. पण ऊन फटीतून आत आलं, ती सरकली तसं तिच्यामागं सरकलं, आणि तिला दिवस गेले. तिनं एक मोठं अंडं घातलं. राजा म्हणाला, हे अभद्र आहे, टाका. कुत्र्या-डुकरांपुढं टाकलं, त्यांनी खाल्लं नाही. रस्त्यात टाकलं, तर बैल आणि घोडी बाजूनं निघून गेली. रानात टाकलं, तर पाखरांनी येऊन पंखाखाली धरलं.

"काहून न्हाई खाल्लं कुत्र्यानं?" तिनं विचारलं, आणि उत्तर तीच पुटपुटली. "जितं व्हतं म्हणून. जनावराला कळतं."

आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही. ओढ्यावरचं ते कुत्रं दोघींनाही आठवलं होतं.

त्या अंड्यातून चुमोंग झाला. मोठा तिरंदाज. राजाची पोरं त्याच्यावर जळायला लागली, त्याला मारायला निघाली. तेव्हा आईच त्याला म्हणाली, तू जा, माझी काळजी करू नको. आणि निघताना तिनं त्याला पाच धान्यांचं बियाणं बांधून दिलं, जाशील तिथं पेरायला. पण आईला सोडायच्या दुःखात तो त्यातलं सातूचं बी विसरला. नदी आडवी आली तर मासे आणि कासवं एकमेकांना लागून पूल झाली. पलीकडं तो एका झाडाखाली टेकला, तेवढ्यात दोन पारवे उडत आले. त्यानं ओळखलं की हे आईनं पाठवले. त्यानं बाण मारून दोन्ही पाडले, त्यांच्या गळ्यातून सातूचे दाणे काढून घेतले, अंगावर पाणी शिंपडलं आणि पारवे जिवंत होऊन उडून गेले. मग त्यानं तिथं राज्य उभं केलं.

"आन माय?"

"ती तिकडंच मेली. ज्यानं कोंडलं त्याच राजानं तिची मयत लय थाटात केली. राणीसारखी."

"पोरगं आलं का मयतीला?"

"न्हाई. माणसं पाठवली, सामान पाठवलं."

"हं," मोठी माय म्हणाली. "येऊ देत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर ती उशाला टेकून बसली होती. मोठे बाबा हळदीच्या कढईवर होते. तिनं मला कोठीतून धान्य आणायला लावलं. जोंधळा, तूर, मूग, तीळ. प्रत्येकाची ओंजळ तिनं स्वतःच्या हातानं भरली. जुन्या लुगड्याच्या फडक्यात ते बांधलं, त्यात एक नारळ, एक खण आणि आमच्याच शेतातलं हळकुंड ठेवलं. सासरी जाणाऱ्या लेकीची आई ओटी भरते. ताईची ओटी भरायची राहून गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही झालं नव्हतं. ताईचा पोरगा आता रांगायला लागला होता आणि आजीनं त्याला माझ्या मोबाईलमध्ये तेवढा बघितला होता.

"हिंगोलीला रोज जातीस ना," ती म्हणाली. "तुझ्या गोष्टीतला पारवा हो."

मी पुरचुंडी बघून म्हणाले, "मोठी माय, हे चारच हायेत. गहू राह्यला. ओटीला तर गहूच लागतो."

ती हसली. त्या आजारपणात एवढं एकदाच हसली. "राह्यला न्हाई, ठिवला. सगळं एकदाच दिलं तर तू एकदाच जाशील. गहू मागून दीन. तवर माझा जीव गुतून ऱ्हाईल तिच्यात."

पुनमताई हिंगोलीत भाड्याच्या खोलीत राहते. मी पुरचुंडी दिली तेव्हा तिच्या अंगावर पंजाबी ड्रेस होता. पदर कुठून आणणार? तिनं ओढणी पसरली आणि मी त्यात सगळं ओतलं. माझं लग्न झालेलं नाही, ओटी भरायचा मला अधिकार नाही, पण तिथं बोलायला कोण होतं. ताई दाण्यांचा वास घेत बसली. म्हणाली, "कोठीचा वास येऊन राह्यला गं." मग विचारलं, "बाबा काही म्हणाले?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मी येऊ का? दारातून बघून जाते." मोठ्या बाबांना ते विचारायची माझी हिंमत नव्हती.

मोठ्या मायनं मात्र विचारलं. माझ्यासमोर विचारलं. मोठे बाबा संध्याकाळी अंगाला हळदीची वाफ लागलेले, पिवळे होऊन आले. ती म्हणाली, "अवो, पोरीला बोलवा. येकदा."

"कोण पोरगी?" ते म्हणाले. "आपल्याला कुठं पोरगी हाय?"

आवाज चढला नव्हता. तेच जास्त लागलं. त्यांनी तिची गोधडी नीट केली, पाणी पाजलं, पायाशी बसून तिचे तळवेही दाबले. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. मला सरळ राग धरता आला असता. पण त्यांनी गावासमोर पाणी सोडलं होतं, आणि गावासमोर सोडलेलं पाणी गावासमोरच परत भरता येतं, असा काहीतरी त्यांचा हिशोब होता. आपण होऊन "चुकलो" म्हणणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. कोणीतरी भाग पाडावं लागतं.

त्यानंतर तिनं परत विचारलं नाही. आठ दिवसांनी तिनं मला गव्हाची ओंजळ दिली.

"आत्ताच?" मी म्हणाले. "मागून देणार व्हतीस ना?"

"घेऊन जा. आता नको गुतवून ठिवायला." ती धापा टाकत होती. "तिला म्हणावं, पेर कुठंबी. डब्यात पेर. आता माझं काही राह्यलं न्हाई."

मी गहू पोचवला. ताईनं गच्चीवर तेलाच्या पत्र्याच्या डब्यात पहिलं धान्य आधीच पेरलं होतं, जोंधळ्याला दोन पानं आली होती. मी फोटो काढून आणला. मोठ्या मायनं मोबाईल डोळ्यांपाशी धरला, बोटानं ती दोन पानं चाचपली, आणि त्यानंतर ती फारशी बोललीच नाही. शांत झाली. चार दिवसांनी पहाटे गेली.

मी ताईला फोन केला. ती निघालीच होती, तेवढ्यात मोठे बाबा अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले, "ती आली तर मयत उचलणार न्हाई." मी परत फोन करून तिला थांबवलं. ते बोलणं मला पुन्हा लिहायचं नाही. मयत मात्र थाटात झाली. भजनी मंडळ आलं, फुलं आली, अख्खं गाव आलं. गोष्टीतल्या राजानं केली तशीच.

दहाव्याच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला. रडत नव्हती. उलट आवाजात काहीतरी ठरवल्यासारखं होतं.

"मी उद्या येऊन राह्यले. गावात न्हाई, फाट्यावर थांबते. लेकराला घेऊन."

"ताई, मोठे बाबा..."

"ऐक. मायचा जीव माझ्यात व्हता. तिचा कावळा मला बोलावल्याबिगर शिवणार न्हाई. बाबाला वचन द्यावंच लागंल. आन आपल्या घरात पिंडापुढचा शब्द कोणी मोडत न्हाई. तू फकस्त फोन कर, मी चालत येते."

मला ते पटलं. मी शिकलेली आहे, मला टॉवर आणि कावळे सगळं कळतं, तरी पटलं. आणि आम्हा दोघींनाच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाबांनाही ते पटलेलं दिसलं. ओढ्यावर निघताना ते माझ्यापाशी थांबले. दोन वर्षांत ते माझ्याशी कामाशिवाय बोलले नव्हते. चप्पल शोधत असल्यासारखे खाली बघत म्हणाले, "हिंगोलीहून यायला येळ किती लागतो गं? आत्ता कोणी निघालं तर?"

मी म्हणाले, "लागत न्हाई येळ. कोणी जवळबी असंल."

त्यांनी मान हलवली. डोळे लाल होते. भादरलेल्या डोक्यानं ते एकदम म्हातारे दिसत होते. त्यांनी मनात ते वाक्य जुळवून ठेवलंय, हे मला तेव्हाच कळलं. कावळा अडेल, गाव ताटकळेल, गुरुजी म्हणतील बोला काहीतरी, आणि मग त्यांना बोलता येईल. मेलेल्या बायकोनं भाग पाडलं, म्हणून बोलले. कोणी नाव ठेवणार नाही. मोठी माय जिवंतपणी जे करू शकली नाही ते मेल्यावर करणार होती, आणि आम्ही तिघं आपापल्या जागी तिची वाट बघत होतो.

ओढ्याला पाणी थोडंच होतं. गुरुजींनी पिंड मांडले. सगळे मागं सरले. बाभळीवर एकच कावळा होता. मी ओढणीखाली मोबाईल धरला होता, ताईचा नंबर लावून, नुसतं बोट टेकवायचं बाकी.

मोठे बाबा दोन पावलं पुढं झाले. त्यांनी हात जोडले. ओठ हलायला लागले. "मंजुळे," ते म्हणाले, "आपल्या पु..."

आणि कावळा उतरला. फिरला नाही, थबकला नाही. थेट पिंडावर बसला, चोच मारली, भाताचा घास घेऊन उडाला.

लोकांनी सुस्कारा टाकला. गुरुजी म्हणाले, "भाग्यवान बाई! काहीच वासना नाही राहिली." बायका कौतुकानं रडायला लागल्या. मोठे बाबा तसेच हात जोडून उभे होते, तोंड अर्धवट उघडं. मी मनात ओरडत होते, बोला ना, कावळा गेला तर जाऊ द्या, तोंड आहे ना तुम्हाला, अर्धं नाव तर निघालंय. त्यांनी गावाकडं बघितलं. गाव चपला घालत होतं. आता वचनाची गरजच कोणाला नव्हती.

त्यांनी तोंड मिटलं. "झालं," ते म्हणाले. "चला."

मी घरी गेले नाही. बांधावरून फाट्याकडं निघाले. वाटेत सारखं डोक्यात येत होतं की हळूहळू चालावं, तिला वाटू द्यावं की कावळा अडलाय. ताई एसटीच्या शेडमध्ये बसली होती. साडी नेसून आली होती, डोक्यावरून पदर घेतलेला. पोरगं मांडीवर झोपलं होतं. मला एकटीला बघून ती उठली.

"शिवला?"

"शिवला."

"किती येळानं?"

खोटं बोलायला पाहिजे होतं. दुपार झाली, सगळे थकले, असं काहीतरी. "लगेच," मी म्हणाले.

ती परत बाकावर बसली. पोराच्या तोंडावर बसलेली माशी तिनं हाकलली. मग म्हणाली, "म्हंजे माझी आठवणच न्हाई राह्यली तिला."

"तसं न्हाई गं," मी तिच्यापुढं खाली बसले आणि सगळं सांगत सुटले. गहू कसा आधी ठेवून घेतला होता, मग कसा दिला, डब्यातली पानं कशी चाचपली. "तुझी ओटी भरली म्हणून शांत झाली ती. म्हणाली, आता माझं काही राह्यलं न्हाई. म्हणून कावळा शिवला, ताई. तुझ्यामुळंच शिवला."

ताई ऐकत होती. मोठे बाबा बोलायला निघाले होते, तेही सांगितलं. अर्ध्या नावापर्यंत आले होते हे सांगितलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले.

"तिचं काही राह्यलं न्हाई," ती म्हणाली. "माझं राह्यलं ना, वैष्णवी."

हिंगोलीची गाडी येताना दिसली. तिनं पोराला खांद्यावर घेतलं, पिशवी उचलली आणि पायरीवर पाय ठेवून माझ्याकडं वळली. "माझ्या पिंडाला न्हाई शिवला म्हणतेत तवा," ती म्हणाली. "काय इच्छा राह्यली, कोणी इचारलं व्हतं का?"

कंडक्टर घाई करत होता. मी नाही म्हणून मान हलवली. ती आत गेली, आणि गाडी निघाली.